पोकलेनची रोजची तपासणी: संध्याकाळी सफाई, सकाळी पाहणी

पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव, पण आपल्याकडे चेनवरच्या कुठल्याही एक्स्कॅव्हेटरला पोकलेनच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरतो. पुढचे आकडे २० ते २२ टनी यंत्राचे आहेत. तुमच्या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर मॅन्युअलचाच धरा.

रोजची तपासणी सकाळी चावी फिरवण्याआधी करायची, असं सगळेच सांगतात. सोलापूर जिल्ह्यात ती आदल्या संध्याकाळी सुरू करावी लागते. चेनमध्ये काळी माती गच्च बसली असेल, होजवर (ऑइलच्या रबरी नळ्यांवर) मुरमाची धूळ साचली असेल, तर सकाळी कितीही डोळे फाडून बघा, सैल बोल्ट आणि ओला सील दिसणारच नाही. तपासणीत एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं असतं: कालच्यापेक्षा आज काय बदललं? ते कळायला यंत्र स्वच्छ हवं आणि कालची नोंद हाताशी हवी.

संध्याकाळी, काम थांबल्यावर

यंत्र सपाट आणि टणक जागेवर आणा. विहिरीच्या काठाला, ताज्या भरावाच्या कडेला किंवा नाल्याच्या पात्रात रात्रभर उभं करू नका. वरच्या अंगाला पाऊस झाला तर नाला तास-दोन तासांत भरून येतो. बकेट जमिनीला टेकवा आणि इंजिन लो आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर, पाच मिनिटं चालू द्या. भर कामातून एकदम चावी बंद केली की टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) बेअरिंगला मिळणारं ऑइल थांबतं, टर्बो मात्र तापलेलाच असतो. आत राहिलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा धरतो आणि पुढे शाफ्ट घासू लागतो.

आता चेन. मंगळवेढा, मोहोळ, दक्षिण सोलापूर भागातली काळी माती ओली असताना फावड्याने निघते. रात्रभर वाळली की विटेसारखी होते. स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, खाचांत ती भरली की चेन दातावर नीट बसत नाही, वर उचलली जाते आणि न ताणताच ताणली जाते. रोलरभोवती (चेन ज्यांच्यावरून सरकते त्या चाकांभोवती) ती घट्ट बसली की रोलर फिरत नाही, चेन त्याच्यावरून घसरत राहते आणि रोलर एका बाजूने सपाट होतो. सपाट झालेल्या रोलरला दुरुस्ती नाही, तो बदलावाच लागतो. म्हणून पावसाळ्यात चेनची सफाई सकाळवर ढकलू नका.

पद्धत अशी: वरचा भाग ९० अंशांत फिरवा, बूम (यंत्राला जोडलेला मोठा हात) आणि आर्म (बकेटकडचा छोटा हात) यांच्यात ९० ते ११० अंशांचा कोन ठेवून बकेटच्या गोल पाठीने जमीन दाबा आणि त्या बाजूची चेन उचला. चेन काही फेरे पुढे, काही फेरे मागे फिरवा. निम्म्याहून जास्त माती तशीच झडते. चेन फिरत असताना जवळ कोणीही उभं राहायचं नाही. फेरे झाले की फ्रेमखाली लाकडी ठोकळे द्या, इंजिन बंद करा, लॉक लिव्हर (हायड्रॉलिक हालचाली बंद करणारा दांडा) लावा आणि मगच हेल्परने फावडं आणि पहार घेऊन उरलेली माती काढावी. नुसत्या बकेटच्या जोरावर उचललेल्या यंत्राखाली हात घालणं जिवावर बेतू शकतं.

सिलिंडरचे रॉड पुसून घ्या. रॉडवर वाळलेला गाळ सकाळच्या पहिल्या हालचालीत धूळ-सीलवर कानशीसारखा चालतो. उभं करताना जितके रॉड आत घेता येतील तितके घ्या.

डिझेलची टाकी संध्याकाळीच भरा. रिकाम्या टाकीत रात्री हवा थंड होऊन आतल्या बाजूला दव धरतं आणि ते पाणी तळाला बसतं. साइटवर बॅरलमधून डिझेल भरत असाल तर बॅरल हलवल्यावर लगेच पंप लावू नका. रात्रभर निवळू द्या आणि तळातलं चार बोटं डिझेल न ओढता तसंच राहू द्या. टाकीच्या तोंडातली जाळी, डिझेल भराभर जावं म्हणून काढून टाकलेली पुष्कळ यंत्रांत दिसते. ती परत बसवा. आजच्या कॉमन रेल (डिझेल फार जास्त दाबाने फवारणाऱ्या) इंजिनांचे इंजेक्टर धुळीचा कणही सहन करत नाहीत, आणि इंजेक्टरच्या एका संचाच्या किमतीत अशा जाळ्या ढिगाने येतील.

शेवटचं काम झोपण्याआधीचं: इंजिन आणि पंपाच्या खाली जुना पुठ्ठा किंवा सिमेंटची रिकामी गोणी पसरून ठेवा. काळ्या मातीत थेंब जिरून जातो, पुठ्ठ्यावर तो सकाळपर्यंत दिसतो.

सकाळी, आधी जमीन

यंत्राकडे बघण्याआधी यंत्राखाली बघा. काळा, ओशट डाग इंजिन ऑइलचा. मधाच्या रंगाचा पातळ डाग हायड्रॉलिक ऑइलचा. हिरवा किंवा गुलाबी डाग कूलंटचा. डिझेल वासानेच कळतं. डाग कुठे पडला यावरून निम्मं निदान होतं: मागच्या बाजूला असेल तर इंजिन किंवा पंप, बरोबर मधोमध असेल तर सेंटर जॉइंट (वरून खालच्या भागाला ऑइल नेणारा फिरता सांधा) किंवा स्विंग मोटर (वरचा भाग फिरवणारी), स्प्रॉकेटच्या आतल्या अंगाला असेल तर ट्रॅव्हल मोटर (चेन चालवणारी) किंवा फायनल ड्राइव्ह (तिचा गिअरबॉक्स).

मग यंत्राभोवती एक फेरी, रोज त्याच दिशेने. डाव्या पुढच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली तर रोज तिथूनच करा. क्रम ठरलेला असला की एखादी जागा सुटली तर ती खटकते.

चेन आणि खालचा भाग

चेनवरच्या यंत्राच्या आयुष्यभराच्या देखभालीत सगळ्यात जास्त पैसा खालच्या भागात जातो, त्यामुळे फेरीचा जास्तीत जास्त वेळ इथे द्या.

शूचे (चेनवरच्या पोलादी पट्ट्यांचे) बोल्ट बघताना गंजाची लाल रेघ शोधा. बोल्टच्या डोक्याभोवती लालसर पूड दिसली तर तो हलतो आहे. हलणारा पोलाद घासून तीच पूड बाहेर टाकतो. शंका असेल तर हातोडीने हलकेच टोला द्या. घट्ट बोल्ट खणखणीत वाजतो, सैल बोल्टचा आवाज बद्द येतो. एक बोल्ट सैल राहिला की शू हलून भोक लांबट करतो, आणि मग नवा बोल्टही तिथे टिकत नाही. घट्ट करताना टॉर्क पाना वापरा. पाइप घालून अंदाजाने आवळलेला बोल्ट एक तर कमी आवळलेला असतो, नाही तर ताणून अर्धा तुटलेला.

एका बाजूला खालचे सात ते नऊ रोलर आणि वरचे दोन असतात. प्रत्येकाच्या टोकाकडे बघा. सगळे कोरडे धुळीने भरलेले असताना एकावरच धूळ ओली, काळी चिकटलेली असेल तर त्याचं सील गेलं. रोलरमध्ये ऑइल थोडंच असतं; ते संपलं की बुश आणि शाफ्ट चिकटायला फार दिवस लागत नाहीत. त्याच दिवशी नोंद करा आणि रोलर मागवा. वरचा रोलर फिरतो की नाही हे चेन उचलून फिरवताना सहज कळतं. तो अडकला की चेनची लिंक त्याच्यात खाच पाडते.

चेनचा ढिलेपणा मोजायच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांत मिसळू नका. काही कंपन्या चेन उचलून, मधोमध फ्रेमच्या खालच्या कडेपासून लोंबणाऱ्या शूपर्यंतचं अंतर मोजायला सांगतात. या वर्गात ते साधारण ३०० ते ३४० मिमी असतं. काही कंपन्या यंत्र जमिनीवर असतानाच आयडलर (पुढच्या टोकाचं बिनदाती चाक) आणि वरच्या रोलरच्या मध्ये चेनवर सरळ पट्टी ठेवून खालचा झोळ मोजतात. तिथे आकडा १० ते ३० मिमीच्या घरात असतो. मोजण्याआधी माती झाडलेली हवी, नाही तर माप खोटं येतं.

टणक डबरावर, क्रशरच्या खाणीत चेन थोडी ताणलेली चालेल. चिकण काळीत आणि तलावाच्या गाळात ती मर्यादेच्या ढिल्या टोकाला ठेवा, कारण माती भरली की ती आपोआप ताणली जाणार आहे. घट्ट चेन फुगलेल्या मातीसकट चालवली की पिन-बुश, स्प्रॉकेट आणि आयडलरचं बेअरिंग तिघांचंही आयुष्य एकदम घटतं. मालकांना ढिली चेन बघवत नाही आणि ते ऑपरेटरला ताणायला लावतात. पावसाळ्यात तरी तसं करू नये.

चेन ताणायला तिच्या फ्रेममधल्या ताण-सिलिंडरमध्ये ग्रीस भरतात, सैल करायला तिथलाच व्हॉल्व्ह उघडतात. तो व्हॉल्व्ह एका फेऱ्याहून जास्त सोडू नका आणि चेहरा किंवा अंग त्याच्या समोर आणू नका. आत ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. व्हॉल्व्ह पूर्ण सुटला तर गोळीसारखा बाहेर येतो.

इंजिन: पातळ्या

इंजिन ऑइलची डिपस्टिक इंजिन चालू करण्याआधी, यंत्र सपाट असताना बघा. इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर १५ मिनिटं थांबा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेच्या वर भरणंही चूकच, कारण क्रँक ऑइल घुसळून फेस करतो. पातळी न भरता वाढलेली दिसली तर बोटाला लावून वास घ्या. डिझेलचा वास म्हणजे इंजेक्टर किंवा फीड पंपातून डिझेल उतरतं आहे. दुधाळ रंग म्हणजे पाणी. दोन्ही वेळी इंजिन चालू करायचं नाही.

कूलंट रिझर्व्ह टाकीत बघा, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. भर घालायला बोअरचं पाणी नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आहे. चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर बसतो तोच इंजिनच्या पाण्याच्या वाटांत बसतो. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं निम्मं मिसळलेलं कूलंट पाच लिटरच्या कॅनमध्ये यंत्रावरच ठेवा, म्हणजे अडचणीच्या वेळी कोणी बादली घेऊन येणार नाही.

वॉटर सेपरेटरचा खालचा नळ उघडून स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी सोडा. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिमी दबावा. कडेला दोरे सुटले असतील किंवा आडव्या चिरा असतील तर बदला.

हवा आणि थंडावा: सोलापुरात यंत्र इथेच मरतं

मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तलाव कोरडे पडलेले असतात आणि गाळ काढायचा हंगाम नेमका तोच. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’सारखी कामं याच दिवसांत चालतात. वाळलेला गाळ म्हणजे पिठासारखी बारीक धूळ.

रेडिएटर, हायड्रॉलिक ऑइल कूलर आणि इंटरकूलर यांच्यामधल्या फटीत धूळ बसते. समोरून स्वच्छ दिसतं, मधे नमदा झालेला असतो. म्हणून जाळी काढून टॉर्च मागून मारा. उजेड आरपार दिसला पाहिजे. इंजिन बंद ठेवून, हवा ज्या बाजूने आत येते त्याच्या उलट बाजूने हवा मारा. नोझल सरळ धरा. तिरकं आणि जवळून मारलं तर पाती वाकतात आणि ती जागा कायमची बंद होते. कूलरला ऑइल लागलेलं असेल तर त्यावर धूळ लेपासारखी बसते. अशा वेळी आधी गळती शोधा. उसाच्या फडाजवळ काम असेल तर जाळीवर पाचटाचे तुकडे चिकटतात, ते दुपारच्या सुट्टीतही काढा.

दुपारी तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकला तर घाबरून चावी बंद करू नका. बकेट खाली टेकवा, लो आयडलवर ठेवा, काटा उतरू द्या. कूलंट वाहून गेलं असेल तर मात्र लगेच बंद करा.

एअर क्लीनर रोज उघडू नका. हा मुद्दा मुद्दाम ठासून सांगावासा वाटतो, कारण जपणारे ऑपरेटरच ही चूक करतात. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की थोडी धूळ स्वच्छ बाजूला जाते. रोज करायचं ते एवढंच: खालचा रबरी धूळ-व्हॉल्व्ह दाबून धूळ सोडा, तो फाटला नाही ना बघा, आणि फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या रबरी पाइपचे क्लॅम्प हाताने हलवून बघा. क्लॅम्प सैल असेल तर तिथून खेचली जाणारी हवा गाळणीशिवाय थेट इंजिनात जाते, आणि महिन्याभरात ऑइल खाणं आणि धूर सुरू होतो.

इंडिकेटर लाल झाला किंवा मॉनिटरवर इशारा आला की बाहेरचा फिल्टर काढा. हवा आतून बाहेर मारा, दाब (दर चौरस सेंटिमीटरला) २ किलोच्या वर नको. साइटवरचा कंप्रेसर ७ किलोचा असतो, तो थेट लावला तर कागदाला बारीक भोकं पडतात. फिल्टर टायरवर आपटू नका. सहा वेळा साफ केला की बदला. आतला छोटा फिल्टर कधीच साफ करायचा नाही, बदलायचा. त्यावर धूळ दिसली तर बाहेरचा फाटला आहे असं समजा.

हायड्रॉलिक

पातळी बघण्याची पोझिशन कंपनीप्रमाणे बदलते: कुठे आर्मचा सिलिंडर आत आणि बकेटचा बाहेर, कुठे दोन्ही आत. चुकीच्या पोझिशनमध्ये बघितलं तर टाकीत ऑइल कमी वाटतं, मग कोणीतरी भरतं, आणि गरम झाल्यावर ते ब्रीदरमधून (टाकीच्या हवा-झडपेतून) बाहेर येतं. गेजच्या काचेत बुडबुडे दिसले तर सक्शनच्या बाजूने पंप हवा ओढतो आहे. दुधाळ दिसलं तर पाणी.

आणखी एक. सोलापुरात यंत्रमागाचं वेस्ट सूत सहज मिळतं, म्हणून तेच सगळीकडे वापरलं जातं. बाहेरून पुसायला ते उत्तम. पण टाकीच्या तोंडाशी, होज उघडल्यावर किंवा फिल्टर बदलताना ते नको. सुटलेला धागा व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये (आतल्या सरकत्या दांड्यात) अडकतो. तिथे धागे न सुटणारं धुतलेलं कापड वापरा.

होजवर रबर फुगलेलं, आतली तार दिसणारी, किंवा दुसऱ्या होजला घासून गुळगुळीत झालेली जागा शोधा. गळती शोधायला कधीही हात फिरवू नका. लाइनमध्ये ३५० किलोपर्यंत दाब असतो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आलेलं ऑइल कातडी भेदून आत जातं. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि काही तासांत हात काढायची वेळ येऊ शकते. पुठ्ठा किंवा लाकडाची पट्टी फिरवा. तरीही कोणाला लागलंच तर मलमपट्टी करून घरी न पाठवता लगेच हॉस्पिटलला न्या आणि ‘दाबाखालचं ऑइल आत गेलं आहे’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

कुठलाही जॉइंट सोडण्याआधी दाब उतरवा: बकेट जमिनीवर, इंजिन बंद, चावी ऑनवर, लॉक लिव्हर उघडा, दोन्ही लिव्हर सगळ्या दिशांना काही वेळा हलवा, लॉक लावा, मग टाकीचा ब्रीदर दाबून हवा सोडा.

ग्रीस, पिन, दात

बकेटच्या पिना आणि लिंकला रोज, म्हणजे दर १० तासांनी ग्रीस. पाण्यात किंवा गाळात काम असेल तर दिवसातून दोनदा. बूम आणि आर्मच्या पिनांचं अंतर मॅन्युअलप्रमाणे. निपल (ग्रीस भरायचं तोंड) आधी पुसा, नाही तर त्यावरचा मुरूमच तुम्ही आत ढकलता. जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत मारा. निपल ग्रीस घेत नसेल तर ‘राहू दे’ म्हणून पुढे जाऊ नका. निपल बदला, तरी जात नसेल तर वाट तुंबली आहे आणि ती पिन आत्ता कोरडी चालते आहे.

विहिरीच्या खडकासाठी ब्रेकर (बकेटच्या जागी खडक फोडणारा छिन्नीचा हातोडा) लावला असेल तर नियम बदलतात. छिन्नी उभी ठेवून जमिनीवर दाबा, म्हणजे ती वर सरकते, इंजिन बंद करा आणि मग ग्रीस मारा. छिन्नी लोंबती असताना मारलेलं ग्रीस वर पिस्टनच्या पोकळीत जातं आणि पहिल्याच ठोक्याला सील फाडतं. दर दोन तासांनी, छिन्नीसाठीच्या जास्त तापमानाच्या ग्रीसने. ब्रेकरच्या कामात हायड्रॉलिक ऑइल लवकर तापतं आणि लवकर घाण होतं, त्यामुळे फिल्टर आणि ऑइल नेहमीच्या मुदतीआधी बदलावं लागतं.

बकेटचे दात मोजा. रोज, आणि क्रशरला माल जात असेल तर जेवणाच्या सुट्टीनंतरही. पडलेला दात दगडाबरोबर डंपरमधून क्रशरच्या जबड्यात गेला तर जॉ प्लेट फोडतो. काळा पाषाण दात झपाट्याने खातो. दात इतका झिजू देऊ नका की अडॅप्टरचं (ज्याच्यावर दात बसतो त्या तुकड्याचं) नाक उघडं पडेल, कारण नाक झिजलं की नवा दातही डुगडुगतो. दाताची लॉक पिन हातोडीच्या हलक्या टोल्याने सरकत असेल तर बदला.

बूमच्या पायथ्याशी, आर्मच्या सिलिंडरच्या कानाजवळ आणि बकेटच्या कानाजवळ वेल्डिंगच्या कडा बघा. रंगात केसासारखी रेघ आणि तिच्यातून उतरलेला गंज म्हणजे तडा. नुसतं वरून वेल्डिंग मारून तो थांबत नाही. टोकं शोधून, खाच काढून भरावा लागतो.

केबिन आणि पहिली दहा मिनिटं

काच, आरसे, सीट बेल्ट, हॉर्न, अग्निशामक. चावी ऑन केल्यावर मॉनिटरचे सगळे दिवे क्षणभर लागून विझले पाहिजेत. जो लागलाच नाही तो उद्या इशाराही देणार नाही. इंजिन चालू करा आणि लॉक लिव्हर लावलेलाच ठेवून जॉयस्टिक हलवा, काहीही हलता कामा नये. ही चाचणी सोडू नका.

इंजिन चालू झालं की पाच मिनिटं आयडल, मग मोकळ्या जागेत बूम, आर्म, बकेट, स्विंग आणि दोन्ही चेन सावकाश. काळा धूर टिकून राहिला तर हवा कमी पडते आहे, निळा असेल तर ऑइल जळतं आहे. दोन्ही लिव्हर सारखे दाबूनही यंत्र एका बाजूला ओढत असेल तर आधी चेनचा ताण दोन्हीकडे सारखा आहे का बघा, मग ट्रॅव्हल मोटरवर संशय घ्या.

वही

छापील फॉर्मवर ‘ओके’च्या खुणा करत जाण्यापेक्षा साधी वही बरी, कारण तिच्यात आकडे लिहावे लागतात. अशी नोंद उपयोगाची: ‘अवरमीटर ४३१२. इंजिन ऑइल अर्धा लिटर घातलं. उजवा पुढून तिसरा रोलर ओला. डावी चेन ३२५, उजवी ३४०. बूमच्या डाव्या सिलिंडरवर ओशट पापुद्रा, थेंब नाही.’ दुसऱ्या दिवशी तिथे थेंब धरला तर मेकॅनिकला फोन करायचा, हे वही वाचणाऱ्या कोणालाही कळतं. ऑइल रोज अर्धा लिटर लागायला लागलं तर तेही याच वहीत दिसतं, आठवणीत नाही. ऑपरेटर बदलला, यंत्र बार्शीहून सांगोल्याला गेलं, तरी वही सीटच्या मागच्या खणात यंत्राबरोबरच जाऊ द्या.